गरम पाणी आणि उणे ३५ अंश : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपल्या प्रतिक्रियेचा सूर कडक असला तरी तिच्यातील आक्षेप नेमके आहेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो. कणशोधकांतील (म्हणजे मूलकणांचे मार्ग टिपणाऱ्या उपकरणांतील) सिलिकॉनचे सेन्सर थंड ठेवणाऱ्या शीतकरण-रचनांवरील लेखात मी असे लिहिले होते की, कार्बन तंतूंचे पातळ पत्रे, त्यांच्यामध्ये कार्बनचा फेस आणि त्या फेसात चिकटवलेली टायटॅनियमची बारीक नळी अशा रचनेतून सुमारे ५० अंशांचे पाणी खेळवले आणि अवरक्त कॅमेऱ्याने तिचे चित्र घेतले, की निसटलेला जोड ओळखता येतो. त्यावर आपले म्हणणे असे : जी रचना उणे ३५ अंशांना चालवायची, तिची परीक्षा गरम पाण्याने घेणे निरर्थक आहे, सेन्सरच्या जागी तापक (हीटर) लावून केलेले मापन फसवे आहे, आणि मी वाखाणलेले एकसारख्या रंगाचे चित्र हा कशाचाच पुरावा नाही.

शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. बाहेर संथ हवा असताना खोलीपेक्षा ३० अंशांनी गरम असलेला पृष्ठभाग हवेला आणि प्रारणाने मिळून दर चौरस सेंटिमीटरमागे जेमतेम ०.०३ वॅट उष्णता देतो. नळीपासून पृष्ठभागापर्यंतच्या वाटेत दर चौरस सेंटिमीटरला एक वॅट वाहिल्यास तापमानात २० अंशांचा फरक पडतो, असे समजू. मग या चाचणीत तो फरक अवघा ०.६ अंश येईल, आणि गोंदाच्या पोकळीमुळे उष्णतेच्या वाटेतला रोध दुप्पट झाला तरी १.२ अंश. पृष्ठभागाच्या उत्सर्जकतेतील, म्हणजे अवरक्त किरण सोडण्याच्या क्षमतेतील, साधी असमानता एवढा फरक सहज गिळून टाकते. (सोन्याचा मुलामा दिलेल्या चकचकीत जागांवर तर कॅमेऱ्याला कधी कधी समोर उभ्या असलेल्या माणसाचा उबदार चेहराच दिसतो.) म्हणजे स्थिरावलेल्या अवस्थेतील गुळगुळीत चित्र निर्दोषपणा सिद्ध करत नाही, हे आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. उपयोग होतो तो त्याआधीच्या काही सेकंदांचा : थंड रचनेत एकाएकी गरम पाणी सोडले, की चांगल्या जोडावरचा पत्रा आधी उजळतो आणि पोकळीवरचा रेंगाळतो. सुरुवातीची चित्रे एकमेकांतून वजा केली की उत्सर्जकतेचे डागही बरेचसे निघून जातात. लेखात माझ्याकडून नेमके हेच सांगायचे राहून गेले.

गरम पाण्याविषयी मात्र मी आपल्याशी सहमत नाही. घन पदार्थातून होणाऱ्या वहनाला उष्णता आतून बाहेर जाते की बाहेरून आत, याने फरक पडत नाही. जोड सुटला असेल तर तो दोन्ही दिशांना अडथळाच असतो. उलट थंडीत चित्र घेणेच अवघड असते. उणे ३५ अंशांचा पृष्ठभाग ५० अंशांच्या पृष्ठभागाच्या तुलनेत जेमतेम तीस टक्के प्रारण सोडतो, भोवतालची हवा अत्यंत कोरडी नसेल तर त्यावर हिम धरते आणि आपण रचनेऐवजी हिमाचे चित्र काढत बसतो. कोरड्या हवेसाठी रचना बंद पेटीत ठेवावी, तर साध्या काचेतून या तरंगलांबीचे अवरक्त किरण आरपार जातच नाहीत.

तरीही आपल्या शंकेत एक खरा धागा आहे, आणि तो आकुंचनाचा आहे. सुमारे १.४ मीटर लांबीची टायटॅनियमची नळी मोकळी असती, तर २० अंशांवरून उणे ३५ अंशांपर्यंत जाताना अर्ध्या मिलिमीटरहून अधिक आखडली असती. तंतूंच्या दिशेने कार्बनचा पत्रा जवळजवळ आखडतच नाही, त्यामुळे हा सारा ताण गोंदावर येतो. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतील एलएचसीबी प्रयोगाच्या व्हेलो नावाच्या नव्या कणशोधकात सिलिकॉनच्याच पातळ पट्टीत सूक्ष्म वाहिन्या कोरून ही विसंगती बरीचशी टाळलेली आहे. नळी चिकटवलेल्या रचनेत ती सोय नसते. म्हणून रचनेला पुन्हापुन्हा थंड-गरम करून, त्याआधीचे आणि नंतरचे गरम पाण्याचे चित्र ताडून पाहावे लागते. एकट्या चित्राला माझ्या मते फारसे मोल नाही.

तापकांचा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे. किरणांचा मारा सोसलेल्या सिलिकॉनमधील गळतीचा विद्युतप्रवाह तापमान सुमारे ७ अंशांनी वाढले की दुप्पट होतो, त्याने उष्णता वाढते, तिने पुन्हा प्रवाह वाढतो, आणि शीतकरण कमी पडले तर थर्मल रनअवे म्हणतात तो प्रकार घडतो. तापक ठरावीक वॅट देतो, तो कधीच असा बेलगाम होणार नाही. परंतु त्याच्याकडून ती अपेक्षाही नसते. नळीकडे जाणारी उष्णता तापमानातील फरकाच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढते, तर गळतीची उष्णता घातांकी वक्राने. तापक त्या रेषेचा चढ मोजून देतो आणि वक्र मिळतो तो किरणांचा मारा सोसलेल्या सेन्सरच्या स्वतंत्र मापनातून. रेषा आणि वक्र एकमेकांना जिथे केवळ स्पर्श करतात, तिथे सुरक्षित मर्यादा संपते. त्या मर्यादेपासून पुरेसे दूर राहता येईल, इतका रोध कमी असणे हीच रचनेची कसोटी.

मात्र ही रेषा पाण्यावर मोजून भागत नाही. प्रत्यक्ष शोधकात उकळता कार्बन डायऑक्साइड असतो. उणे ३५ अंशांना त्याचा दाब सुमारे १२ बार असतो. नळीत दाब घटत गेला की उकळण्याचे तापमानही खाली येते, आणि प्रवाह अपुरा पडून नळीची भिंत कोरडी झाली, तर उष्णता घेण्याची क्षमता एकदम कोसळते. यातले काहीही गरम पाणी दाखवू शकत नाही. म्हणून प्रत्येक रचनेला पाण्याची चाचणी आणि निवडक रचनांना तापकांसह कार्बन डायऑक्साइडची, अशी विभागणी मला योग्य वाटते. मूळ लेखातील चित्राविषयीचा परिच्छेद आज बदलला आहे. पहिल्या सेकंदांची आणि स्थिरावल्यानंतरची चित्रे त्यात आता वेगवेगळी समजावली आहेत.