लस पुढे ढकलू इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना

मूल नऊ महिन्यांचे झाले की गोवर-रुबेलाची लस देण्याची वेळ येते आणि सुजाण पालकांच्या घरी विचारमंथन सुरू होते. साधी माणसे कार्डावरची तारीख पाहतात, बाळाला केंद्रावर नेतात आणि टोचून आणतात. त्यात विचार तो कसला? आपण मात्र शिकलेले आहोत. तेव्हा आपल्यासारख्यांच्या सोयीसाठी लस पुढे ढकलण्याचे काही खात्रीचे मार्ग येथे सांगत आहे.

पहिले पथ्य म्हणजे 'नाही' हा शब्द कधीही उच्चारू नये. नकार देणारा हटवादी ठरतो, 'जरा थांबू या' म्हणणारा विचारी ठरतो. आशाताई दारात आल्या तर बाळाला सर्दी आहे असे सांगावे. शहरातल्या तान्ह्या मुलाला सर्दी नसते तरी कधी, त्यामुळे हे कारण बारमाही चालते. साध्या सर्दीत लस देता येते हे आशाताईंना ठाऊक असते, पण त्या बिचाऱ्या तुमच्या इंग्रजीपुढे वाद घालणार नाहीत. सर्दी संपली की दात काढावेत. दातांनंतर जावळ, जावळानंतर गावची जत्रा, जत्रेनंतर आजीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया. मूल दोन वर्षांचे कधी झाले ते कळतही नाही.

लसीकरणाचे कार्ड बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावे.

कुणी आधार विचारलाच तर अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टराचे नाव घ्यावे. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीचा संबंध स्वमग्नतेशी असावा असे सुचवणारा त्याचा निबंध १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. तो अवघ्या १२ मुलांवर बेतलेला होता, २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी त्या गृहस्थाची वैद्यकीय नोंदणीही रद्द झाली, हा किरकोळ तपशील गाळावा. वेकफील्ड जड वाटत असेल तर नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्या शाळांमधून गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली तेव्हा मोबाइलवर फिरलेले संदेश शोधावेत. ते कुणा ना कुणा काकांकडे अजून असतातच.

'अमेरिकेत तर वर्षानंतर देतात' हे वाक्य मात्र पाठच करावे, कारण ते खरे आहे आणि खऱ्या वाक्याने जेवढी दिशाभूल होते तेवढी खोट्याने होत नाही. तिकडे पहिला डोस १२ ते १५ महिन्यांच्या दरम्यान देतात. बाळाला आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती महिन्यामहिन्याने ओसरत जाते. ती बरीच शिल्लक असताना लस दिली तर लस नीट लागू पडत नाही, आणि ती संपल्यावरही लस दिली नाही तर मूल उघडे पडते. नवव्या महिन्यात दिलेली लस शंभरातल्या साधारण ८५ मुलांना संरक्षण देते, वर्षानंतर दिली तर हे प्रमाण त्याहून वाढते. जेथे गोवर क्वचितच दिसतो तेथे त्या वाढीसाठी थांबणे परवडते. आपल्याकडे गोवर वाढदिवसाची वाट पाहत नाही, म्हणून नववा महिना ठरला, आणि उरलेल्यांची भरपाई करायला १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस ठेवला. हा हिशेब कुणीतरी आधीच करून ठेवला आहे हे आपण विसरून जावे. आणखी एक गोष्ट तर चुकूनही सांगू नये: त्याच अमेरिकेतले आपले भाऊ-बहीण तान्ह्या बाळाला आजी-आजोबांना दाखवायला इकडे आणतात, तेव्हा बाळ सहा महिन्यांचे झालेले असेल तर तिथले डॉक्टर त्याला गोवराचा एक जादा डोस देऊनच पाठवतात. म्हणजे ज्या देशाचा दाखला देऊन तुम्ही थांबता, तो देश तुमच्या घरी यायचे म्हणून लस आधी टोचतो.

'आमच्या लहानपणी सगळ्यांनाच गोवर निघायचा, आम्हाला काय झाले?' हा प्रश्न घरातल्या ज्येष्ठांनी विचारावा. सरकारी कार्यक्रमात गोवराची लस १९८५ मध्ये आली. त्याआधी ज्यांना काय व्हायचे ते झाले, ते हा प्रश्न विचारायला उरलेले नाहीत.

आता शेवटची आणि सर्वांत किफायतशीर युक्ती. बाकीच्यांची मुले लस घेतातच, मग आपले एक राहिले तर काय बिघडले? गोवर रोखायचा तर शंभरातल्या ९५ जणांना प्रतिकारशक्ती हवी, आणि उरलेल्या पाचांत तुम्ही ऐटीत जाऊन बसावे. त्या पाच जागा खरे तर ज्यांची लसीची वेळ आलेली नाही किंवा ज्यांना ती देताच येत नाही त्यांच्यासाठी आहेत: नऊ महिन्यांच्या आतली बाळे, कर्करोगाचे उपचार चालू असलेली मुले, प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष असलेली मुले. पण राखीव जागेवर रुमाल टाकायची आपल्याला सवय आहेच.

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका मुंजीत असाच एक रुमाल मी पाहिला. मुलगा पावणेदोन वर्षांचा, डोळे लाल, नाक वाहणारे, अंगात कणकण. 'गाडी लागली आहे,' असे आईने सांगितले आणि पुढे मोठ्या कौतुकाने हेही सांगितले की, त्यांनी सगळ्या लसी 'सावकाश' घ्यायचे ठरवले आहे, गोवराची अजून घेतलेलीच नाही. कार्यालय वातानुकूलित, दारे-खिडक्या बंद. गोवराचा विषाणू माणूस उठून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहतो, आणि लस न घेतलेली दहा माणसे त्याच्या तावडीत सापडली तर नऊ जण आजारी पडतात. माझी सात महिन्यांची नात त्याच खोलीत झोपली होती.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या कानामागे पुरळ उठले आणि मग अंगभर पसरले. घरात निदान ठरले: उष्णता बाहेर पडते आहे. कडुनिंबाचा पाला आणला, आणि कुणाला काही कळवायचे नाही असेही ठरले, कारण लोक उगाच नावे ठेवतात. अहो, संपर्क झाल्यापासून ७२ तासांच्या आत सहा महिन्यांवरच्या बाळाला लस दिली तर बहुतेक वेळा आजार टळतो किंवा सौम्य होतो. तो मुहूर्त हुकला तरी सहा दिवसांपर्यंत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडे, देता येतात. पुरळ दिसले त्या दिवशी एक फोन केला असता तर माझ्या मुलीच्या हातात दोन्ही उपाय होते! आम्हाला कळले ते आमच्या बाळाच्या अंगावर पुरळ आल्यावर, न्यूमोनिया झाल्यावर, नाकाला ऑक्सिजनची नळी लागल्यावर. ती घरी आली आहे, पण गोवर आधीची कमावलेली प्रतिकारशक्तीही बरीच पुसून टाकतो, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येक तापाला आम्ही दचकणार आहोत. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांत क्वचित कित्येक वर्षांनी मेंदूचा एक असाध्य विकार उद्भवतो, हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून माझी मुलगी रात्री नीट झोपलेली नाही. त्या घरून आलेला निरोप एवढाच, 'आमचा तर बरा झाला, तुमचाही होईल.'

पुरे झाल्या सूचना. २०२२ च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीच्या झोपडपट्टीत गोवराने मुले दगावली तेव्हा याच मंडळींनी दिवाणखान्यात बसून 'त्या लोकांना' नावे ठेवली होती. कोविडच्या काळात तिथल्या मुलांचे डोस चुकले होते, आणि लसीसाठी रांगेत उभे राहायचे तर रोजी बुडते. तुमच्या इमारतीखाली बालरोगतज्ज्ञ बसतो. तुमची कुठली रोजी बुडत होती? मुलाला खरोखर गंभीर आजार असेल तर लस कधी द्यायची ते त्याचे डॉक्टर ठरवतील, त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. मी बोलतो आहे ते धडधाकट मुलाला केवळ आपल्या तोऱ्यासाठी उघडे ठेवणाऱ्यांबद्दल. तुम्ही काही सावकाश घेतलेले नाही, तुम्ही टाळले आहे, आणि त्याची किंमत सात महिन्यांच्या मुलीकडून वसूल केली आहे.

सरकारी केंद्रात ही लस फुकट मिळते, राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत देतात. उद्या उठा आणि जा. आणि मुलाच्या अंगावर पुरळ दिसले, तर ज्या ज्या घरी तान्हे मूल आहे, गरोदर बाई आहे, तेथे त्याच दिवशी कळवा. बोलायची लाज वाटत असेल तर मेसेज पाठवा. बाकीचे सगळे मेसेज पुढे ढकलायला तुम्हाला वेळ मिळतोच.