कॉलरबोन मोडलं की प्लेटच घालायची?

कॉलरबोन म्हणजे छातीपासून खांद्यापर्यंतचं आडवं हाड. ते मोडल्यावर स्क्रूनं बसवायच्या धातूच्या प्लेटबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'कॉलरबोन मोडलं तर लगेच प्लेट घाला. नाहीतर हाड वाकडं जुळून हात कायमचा अधू होतो. ऑपरेशन केलं की आठ दिवसांत कामावर.'

'लगेच' हे मोजक्यांनाच लागू आहे. हाड कातडी फाडून बाहेर आलंय, टोकाच्या दाबानं कातडी पांढरी पडलीय, किंवा हात गार, बधिर पडलाय, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाकीच्यांनी घाई करू नये. बहुतेक कॉलरबोन मधोमध मोडतात आणि तुकडे फार सरकले नसतील तर हात गळ्यातल्या झोळीत ठेवूनच जुळतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढा, तोही उभं राहून, कारण आडवं झोपून काढल्यास तुकडे किती सरकलेत ते कमी दिसतं. तेव्हा ऑपरेशन करायचं ठरलं, तरी उशीर झालेला नसतो.

'वाकडं जुळतं, हात अधू होतो' यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करायला हवं. तुकडे एकमेकांना टेकतच नाहीत किंवा हाड दोन सेंटीमीटरहून जास्त आखूड झालंय, तर प्लेटचा विचार जरूर व्हावा. खांद्याच्या टोकाजवळ लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारा चिवट पट्टा) तुटून हाड सरकलं असेल, तरीही. कॅनडातल्या 2007 च्या अभ्यासात सगळे रुग्ण पूर्ण सरकलेल्या हाडांचे होते. ऑपरेशन न केलेल्या 49 जणांपैकी 7 जणांचं हाड जुळलं नाही आणि 9 जणांना वाकड्या जुळणीचा त्रास झाला. प्लेट घातलेल्या 62 जणांत न जुळलेली हाडं 2. म्हणजे प्लेटचा फायदा खरा आहे; पण इतक्या वाईट फ्रॅक्चरमध्येही बिनऑपरेशनच्या सातांपैकी सहा जणांचं हाड जुळलंच. कातडीखाली गाठ हाताला लागते, तिला अधूपणा म्हणत नाहीत.

'आठ दिवसांत कामावर' हे मात्र धोक्याचं आहे. त्याच अभ्यासात प्लेट घालूनही एक्स-रेवर हाड जुळायला सरासरी 16 आठवडे लागले. दुखणं लवकर थांबतं म्हणून कुणी उसाची मोळी खांद्यावर घेतली, तर स्क्रू सैल होतात, प्लेट वाकते, मोडतेसुद्धा. शिवाय जखमेत पू होऊ शकतो, टाक्यांखालची छाती बधिर राहू शकते आणि प्लेट कातडीखालीच असल्यानं बॅगेचा पट्टा टोचतो. काहींना ती काढायला पुन्हा टेबलावर जावं लागतं.

झोळी दोन-तीन आठवडे. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवा, नाहीतर कोपर आखडतं. रात्री पाठीला उशा लावून अर्धवट बसून झोपा. दुखणं उतरलं की पुढं वाकून हात सैल लोंबता सोडा आणि हळूहळू झुलवा. दोन्ही खांद्यांभोवतून पाठीवर बांधायचा 8 आकाराचा पट्टा आवळून हाड सरळ होत नाही, उलट काखेत दाब येऊन हाताला मुंग्या येतात. झोळी तितकंच काम कमी त्रासात करते. ओझं सहा आठवड्यांआधी नाहीच, पुढंही एक्स-रे बघूनच. तालमीत उतरायला किमान तीन महिने.

आणि विडी-सिगारेट बंद. धूरानं हाड जुळायला उशीर होतो, प्लेट असो वा झोळी.