‘सोलर फुकट, बिल शून्य’: मेसेज पुढे पाठवण्याआधी

‘सरकार सोलर फुकटात बसवून देतंय, 300 युनिट मोफत, बिल शून्य, लाईट गेली तरी पंखा चालू. 500 रुपये भरून आजच नाव नोंदवा.’ लातूरच्या आमच्या कॉलनीत हा मेसेज घरोघरी पोचलाय. योजना खरी आहे आणि चांगली आहे. म्हणूनच तिच्या नावानं चाललेली ही दिशाभूल मला सहन होत नाही.

‘फुकटात’ तर अजिबात नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅट क्षमतेच्या पॅनलला 30 हजार रुपये, दोनला 60 हजार, तीन किंवा जास्तला 78 हजार अनुदान मिळतं. बाकीचे आपले. आणि ते अनुदानही पॅनल बसून, नेट मीटर (घेतलेली आणि तारेत परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) लागून, तपासणी झाल्यावर खात्यात येतं. तोवरची सोय स्वतः करायची किंवा बँकेचं कर्ज काढायचं.

‘300 युनिट’ सरकार मीटरमध्ये टाकत नाही, ते आपल्याच गच्चीवर तयार होतात. एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरा. म्हणजे महिन्याच्या 300 साठी अडीच-तीन किलोवॅट लागतात, एकात भागत नाही. शिवाय वीज वापरा न वापरा, स्थिर आकार बिलात राहतोच.

‘लाईट गेली तरी चालू’ हे सगळ्यात फसवं. मे महिन्यात औशाला मामांकडे होतो. दुपारचे दोन, गच्चीवर पाय ठेववत नव्हता इतकं ऊन, आणि खाली मामी पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेल्या. लाईट गेली तसा सोलरचा इन्व्हर्टरही (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा) बंद. मामांना वाटलं, बिघडला. बिघडला नव्हता. बाहेरचा पुरवठा गेला की साधा नेट मीटरवाला इन्व्हर्टर आपोआप थांबतो, नाहीतर आपल्या गच्चीवरची वीज तारेत उतरून खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतेल. लाईट गेल्यावरही पंखा हवा तर बॅटरी लागते, इन्व्हर्टरही बॅटरीवर चालणारा लागतो, खर्च वाढतो. बसवणाऱ्यानं हे आधी सांगितलं असतं, तर मामांनी तेव्हाच विचार केला असता. बिल मात्र त्यांचं खरंच खूप उतरलंय, तेही सांगायला हवं.

मेसेजात नसलेली एक गोष्ट: आपल्याकडची धूळ. पॅनल पुसावे लागतात, आणि बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं काचेवर पांढरे डाग पडतात.

राहिले 500 रुपये. केंद्राच्या पोर्टलवर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक आणि मोबाईल घेऊन बसा. आमच्या गल्लीत तिघांनी ते 500 भरले, आणि मेसेजातला नंबर आता लागत नाही.