रेस दिली की गाडी बंद पडते? दोष नेहमी कार्बोरेटरमधल्या कचऱ्याचा नसतो

मोटारसायकलवाल्यांमध्ये एक संदेश सारखा फिरतो. त्यातलं म्हणणं असं: गाडी स्लोवर नीट चालते पण रेस दिली की बंद पडते, म्हणजे कार्बोरेटरमध्ये कचरा आहे. प्लग काढून ठिणगी दिसली की करंटची बाजू सोडून द्या. ट्यूनिंगचा स्क्रू दोन फेरे सोडा. तरी जमलं नाही तर एअर फिल्टर काढून चालवा, आणि चोक ओढून पळत असेल तर तशीच पळवा. हे वाचून लोक चांगल्या गाडीचं सेटिंग घालवून बसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कचरा असू शकतो, नाकारत नाही. पण पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पुरेसं पोचतंय का, हे आधी बघायला नको? टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि खाली येणारी धार बारीक होत जाते. स्लोला तेवढं पुरतं, रेस दिली की फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी) रिकामा होतो. याची खूण अगदी स्पष्ट असते: गाडी सुरुवातीला छान पळते, थोड्या वेळाने मरते, आणि झाकण उघडून लावलं की पुन्हा पळते. टाकीखालच्या पेट्रोल कॉकची जाळी आणि दुमडलेली नळीही पाहून घ्या. इंजिन गार असताना फ्लोट चेंबरचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या भांड्यात घेतलं, तर पाणी असल्यास तळाशी वेगळं दिसतं.

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कार्बोरेटरमध्ये तर आणखी एक जागा आहे. तिथे स्लाइड (हवेची वाट उघडणारा सरकता भाग) वर उचलतो तो रबरी डायफ्रॅम, म्हणजे पातळ पडदा. तो फाटला की स्लाइड उठत नाही. जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) कितीही वेळा साफ करा, गाडी रेस घेणार नाही. शिवाय साफसफाईचा जहाल स्प्रे त्याच रबरावर उडाला तर ते फुगू शकतं. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर असेल तर जादा हवा ओढली जाते. गाडी स्लोवर ठेवून त्या रबरावर साबणाचं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर गळती तिथेच आहे. यासाठी तापलेल्या इंजिनवर पेट्रोल किंवा पेटणारा स्प्रे मारू नका.

ठिणगीबद्दलचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो पटण्यासारखा आहे. बाहेर काढलेल्या प्लगची ठिणगी साध्या हवेत उडते. सिलिंडरमध्ये तिला दाबलेल्या मिश्रणातून उडी मारायची असते, आणि रेस दिली की आत जास्त मिश्रण शिरून दाब वाढतो. तेवढं व्होल्टेजही जास्त लागतं. कमकुवत कॉइल, तडा गेलेली प्लग कॅप किंवा प्लगच्या टोकांमधला वाढलेला गॅप स्लोवर निभावून नेतात आणि नेमके तिथे हरतात. मग गाडी मिसिंग करते, गचके खाते, बंद पडते. बाहेर निळी ठिणगी दिसली म्हणून करंट निर्दोष ठरत नाही.

स्क्रूचं थोडक्यात. तो मुख्यतः स्लोचं आणि थ्रॉटल जरासं उघडेपर्यंतचं मिश्रण ठरवतो. मधल्या टप्प्यात निडल (स्लाइडला लावलेली सुई) आणि पूर्ण रेसला मेन जेट काम करतं, तिथे या स्क्रूचा उपयोग जवळजवळ शून्य. आणि ‘सोडा’ म्हणजे काय? फिल्टरच्या बाजूचा हवेचा स्क्रू सोडला तर मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी), इंजिनच्या बाजूचा पेट्रोलचा स्क्रू सोडला तर घट्ट (पेट्रोल जास्त). हात लावायचाच असेल तर आधी तो पूर्ण आवळेपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवा.

फिल्टर काढल्यावर हवा वाढते, म्हणजे पेट्रोल आधीच कमी पडत असेल तर दुखणं बळावतं. धूळ सिलिंडर घासते ते वेगळंच. गच्च भरलेला फिल्टर मात्र खरंच दोषी असू शकतो. तो साफ करा किंवा बदला.

चोक ही चाचणी म्हणून उत्तम आहे. ओढल्यावर गाडी सुधारली तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त, आणखी बिघडली तर बहुधा उलट. पण गरम इंजिनवर चोक ओढून फिरत राहिलात तर प्लग काळा पडतो आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं.

गाडी इंजेक्शनची असेल तर यातले स्क्रू-जेट विसरा. इंजिनाचा इशारा दिवा पेटतो का ते पाहा, आणि पंपाचा दाब व थ्रॉटलचा सेन्सर तपासून घ्या.