ताब्याची घाई, दुरुस्तीची दिरंगाई

घरमालक आणि भाडेकरू हा विषय आपल्याकडे निघाला की बोलणं पाच मिनिटांत ताब्यावर येऊन थांबतं. एका बाजूला ‘भाडेकरू एकदा आत शिरला की निघत नाही’ ही पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली भीती. दुसऱ्या बाजूला ‘अकरा महिने झाले की चंबूगबाळं आवरा’ हे आजच्या तरुण कुटुंबांचं दुखणं. मी मेलबर्नमध्ये भाड्याच्या घरात राहते, पुण्यातल्या माणसांशी जवळजवळ रोज बोलते आणि या वादात एक गोष्ट हमखास सुटलेली दिसते. घर कुणाचं यावर आपण हिरिरीने भांडतो. पण त्या घरात आज पाणी येत नसेल किंवा भिंतीत करंट उतरत असेल, तर कुणी, किती वेळात, काय करायचं हे कुणी विचारत नाही.

माझी मावसबहीण पुण्यात भाड्याने राहते. गेल्या पावसाळ्यात वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत पाणी उतरू लागलं. आधी रंगाला फुगे आले, मग पोपडे सुटले, आणि ओल सरकत सरकत मिक्सरच्या प्लगपाशी आली. मिक्सर लावला की एमसीबी खाली. मालक दुसऱ्या गावी. तिने फोटो पाठवले, निळ्या टिका दिसल्या, उत्तर आलं, ‘बघतो’. फोनवर ती म्हणाली, “काका, कुणाला तरी शॉक बसेल हो.” त्यावर, “अगं, पावसाळा संपू दे, मग वॉटरप्रूफिंग एकदमच करून घेऊ. तोवर सोसायटीला सांगून ठेव.” सोसायटीचे सचिव म्हणाले, हे तुमच्या मालकांनी वरच्यांशी बोलायला हवं. वरचे म्हणाले, आम्ही मालकांशीच बोलू. प्रत्येकाने पुढचं दार दाखवलं आणि ती दोन लहान मुलांना घेऊन त्या भिंतीशेजारी स्वयंपाक करत राहिली. आवाज चढवायची सोय नव्हती, कारण डिपॉझिट काकांकडे आणि करार संपायला थोडेच महिने उरलेले.

आपल्याकडे कायदा नाही असं मुळीच नाही. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ यातलं कलम १४ सांगतं की घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने टाळाटाळ केली तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, मग स्वतः दुरुस्ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत तशी मुभा आहे. ओल्या भिंतीतल्या विजेला १५ दिवस फार झाले, तरी तरतूद आहे हे खरं. पण ती भाडेकरूसाठी आहे, आणि लीव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवान्याच्या, करारावर सही केलेली माझी बहीण कायद्याच्या लेखी भाडेकरू नाही, परवानाधारक आहे. शहरांत आज नव्याने घर घेणारे बहुतेक सगळे याच करारावर राहतात. म्हणजे जे आज घरभाडं भरताहेत, त्यांनाच ते कलम १४ लागू नाही.

आता याच कायद्याचं कलम २४ पाहा. परवान्याची मुदत संपूनही कुणी घर सोडलं नाही, तर मालकाला दिवाणी दाव्याच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. त्याच्यासाठी सक्षम प्राधिकारी नेमलेला आहे, आणि मुदतीनंतर राहणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई भरावी लागते. हे योग्यच झालं, असं मी मानते. खोल्या बळकावल्याच्या कहाण्या खोट्या नव्हत्या. पण मालकाची भीती घालवण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमता आला, तर राहणाऱ्याच्या नळासाठी तसा का नेमता येऊ नये? माझं म्हणणं एवढंच आहे. ताब्याचा वाद ताब्याच्या जागी राहू द्या, तातडीच्या दुरुस्तीला तिची वेगळी, वेगवान वाट द्या.

इथे व्हिक्टोरिया राज्यात ती वाट आहे. १९९७ च्या भाडेकरार कायद्यात २९ मार्च २०२१ पासून मोठे बदल झाले. तातडीची दुरुस्ती कशाला म्हणायचं याची यादी कायद्यातच आहे: फुटलेली पाण्याची लाइन, तुंबलेला संडास, गॅसगळती, धोकादायक वायरिंग, छताची मोठी गळती, बंद पडलेलं गरम पाणी किंवा हीटर. यातलं काही बिघडलं की मालकाने लगेच हात हलवायचा. कुणाला फोन करायचा ते करारातच लिहिलेलं असतं. मालक किंवा एजंट हलला नाही, तर अडीच हजार डॉलरपर्यंतचं काम भाडेकरू स्वतः करून घेऊ शकतो, आणि बिल लेखी कळवल्यावर मालकाने सात दिवसांत पैसे द्यायचे. तेवढे पैसे खिशात नसतील किंवा खर्च त्याहून मोठा असेल, तर व्हीकॅट या न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. तातडीच्या दुरुस्तीचा अर्ज तिथे कामकाजाच्या दोन दिवसांत ऐकला जातो. या सगळ्यात भाडं मात्र थांबवायचं नाही, ते थांबवलं की आपलीच बाजू लंगडी होते.

ऐन जुलैच्या थंडीत आमचं गरम पाणी बंद पडलं तेव्हा हे मी अनुभवलं. घराबाहेरच्या भिंतीवरच्या गॅसच्या गिझरवर एरर कोड लुकलुकत होता आणि आत नळाला बर्फासारखं पाणी. एजंटला फोन केला आणि लगेच त्या कोडच्या फोटोसह ईमेलही केला, कारण फोनचा पुरावा उरत नाही. उत्तर आलं की मालकांना दोन ठिकाणचे दर हवे आहेत. मी उलट लिहिलं की कायद्याने ही तातडीची दुरुस्ती आहे, उद्या दुपारपर्यंत कुणी आलं नाही तर मी प्लंबर बोलावून बिल पाठवीन. प्लंबर त्याच संध्याकाळी आला. मालकाचं मन द्रवलं असं मला वाटत नाही. उशीर केला तर खर्च आपल्या हाताबाहेर जाईल, हे एजंटला कळलं.

इथे सगळं गोडीगुलाबीचं आहे असा समज नको. घरं अपुरी आहेत, नवीन घरासाठी अर्ज करताना आधीच्या एजंटचा शेरा विचारतात, आणि ‘कटकट्या भाडेकरू’ असा शिक्का बसेल या भीतीने कितीतरी लोक बुरशीच्या भिंती मुकाट्याने पुसत राहतात. विद्यार्थी म्हणून आलेल्या आपल्या मुलांना तर हा हक्क आहे हेच ठाऊक नसतं. शनिवार-रविवारी प्लंबर मिळाला तरी त्याचा दर ऐकून पोटात गोळा येतो. हक्क कागदावर असला तरी तो बजावायला बळ लागतंच. पण तो कागदावर असला की निदान बोट ठेवायला ओळ मिळते.

‘तुमच्या तिकडचं आमच्याकडे चालायचं नाही’ हे मला नेहमी ऐकावं लागतं. त्यामागचा एक मुद्दा वजनदार आहे. मुंबईत १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, मालकांना इमारतीत पैसा घालण्यात रस उरला नाही, आणि शेवटी उपकर घेऊन दुरुस्ती करण्याची जबाबदारी सरकारी मंडळाकडे गेली. ती भाडी अशी गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही, असं १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं. त्या चाळींचे मालक ‘एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कशी करू?’ म्हणतात, तेव्हा त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नाही. पण तीच सबब आज बाजारभावाने भाडं घेणाऱ्या आणि दर कराराला ते वाढवणाऱ्या मालकाने का पुढे करावी?

आयकराची गोष्ट तर आपल्या वादात कधी येतच नाही. भारतात घरभाड्याच्या उत्पन्नातून, पालिकेचा कर वजा जाता, सरसकट ३० टक्के वजावट मिळते. वर्षभरात घराला एक खिळाही ठोकला नाही तरी ती मिळते आणि सगळी वायरिंग बदलली तरी तेवढीच. ऑस्ट्रेलियात मालकाला झालेल्या दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च त्या वर्षी वजा करता येतो, त्यामुळे बिल दिलं तरच वजावट. आपल्या पद्धतीत हिशेब सोपा राहतो, हे मान्य. पण दुरुस्तीच्या नावाने सवलत घेणाऱ्या मालकाला दुरुस्तीची मुदत घालून देणं हा त्याच्यावर अन्याय ठरत नाही.

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. कोणती दुरुस्ती मालकाची आणि कोणती राहणाऱ्याची, याची यादी त्यात आहे. मालकाने नकार दिला तर महिन्याच्या भाड्याच्या निम्म्यापर्यंत खर्च वळता करायची मुभाही आहे. मात्र राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. तोवर करारात लिहून घेण्यावाचून इलाज नाही. माझ्या बहिणीने नूतनीकरणाच्या वेळी तेच केलं. पाणी, वीज, गॅस, संडास आणि गळती यांबाबत लेखी कळवल्यापासून ४८ तासांत मालकाने माणूस पाठवायचा, नाहीतर तिने काम करून घ्यायचं आणि बिल दाखवून पुढच्या भाड्यातून वजा करायचं, मर्यादा निम्म्या भाड्याची. काकांनी आधी का-कू केलं, मग अट घातली की प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन त्यांनी दिलेल्या नावांतलेच हवेत. तिने ती मान्य केली आणि करार नोंदवला गेला. नोंदणीला जाणाऱ्या प्रत्येक लीव्ह अँड लायसन्स करारात असं कलम सरकारने सक्तीचं करावं. मालक आणि राहणारा, दोघांनाही सही करण्याआधी ते वाचावं लागेल.