‘कुठलंही एमडीएम घ्या, सगळी सारखीच’ या फॉरवर्डला उत्तर

छोट्या-मध्यम कारखानदारांच्या आणि एचआरवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. कर्मचाऱ्यांचे मोबाइल सांभाळणारी यंत्रणा, म्हणजे मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट किंवा एमडीएम, कशी निवडायची याचा त्यात सहा ओळींत निकाल लावलाय: सगळी सारखीच, स्वस्त असेल ते घ्या, एकदा टाकलं की माणसाचं व्हॉट्सॲपसुद्धा दिसतं, फोन हरवला तर बसल्या जागी पुसून टाका, आयफोन दिले तर काहीच लागत नाही, लहान कंपनीला कायद्याची भीती नाही, आणि बसवलं की विसरून जा. मला तो मालकांकडूनही आला आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्यांकडूनही. मालक खूश होऊन पाठवतात, माणसं घाबरून.

क्रम मोडून व्हॉट्सॲपपासून सुरू करतो, कारण बाकीचा गोंधळ तिथूनच निघतो.

‘व्हॉट्सॲप, फोटो, सगळं मालकाला दिसतं.’

नाही दिसत. आणि काय दिसतं, काय नाही, हे आधी फोन कोणाच्या मालकीचा आहे आणि तो यंत्रणेत कसा नोंदवलाय यावर ठरतं. सॉफ्टवेअर कुठल्या कंपनीचं, हा प्रश्न त्यानंतरचा. फोन कर्मचाऱ्याचा स्वतःचा असेल तर अँड्रॉइडमध्ये ‘वर्क प्रोफाइल’ नावाचा वेगळा कप्पा करता येतो. ही सोय २०१४ च्या अँड्रॉइड ५.० पासून आहे. कामाच्या ॲपच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते आणि सुट्टीच्या दिवशी माणूस तो अख्खा कप्पा स्वतःच बंद ठेवू शकतो. ॲडमिनच्या, म्हणजे कंपनीतर्फे यंत्रणा चालवणाऱ्याच्या, पडद्यावर फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, एन्क्रिप्शन (डेटा कुलूपबंद सांकेतिक रूपात ठेवणं) चालू आहे की नाही आणि कामाच्या कप्प्यातली ॲप येतात. घरच्या बाजूचे फोटो, मेसेज, ब्राउझिंग येत नाही. माणसाने नोकरी सोडली की कंपनी तेवढा कप्पा उडवते, लग्नाचे फोटो जागच्या जागी राहतात. आयफोनमध्ये २०१९ च्या आयओएस १३ पासून ‘यूजर एनरोलमेंट’ आहे. तिथंही कामाचा डेटा स्टोरेजच्या वेगळ्या भागात ठेवला जातो.

कंपनीने स्वतः विकत घेऊन दिलेला, पूर्ण ताब्यातला फोन असेल तर गोष्ट वेगळी. त्यावर सगळ्या ॲपची यादी दिसते, लोकेशन मागवता येतं, प्ले स्टोअर बंद करता येतं, एकच ऑर्डर घ्यायचं ॲप उघडं ठेवून बाकी सगळं झाकताही येतं. पण तिथंसुद्धा व्हॉट्सॲपचे मेसेज वाचायचा रस्ता एमडीएमला अँड्रॉइड देत नाही. मग एखादा विक्रेता ‘आमच्यात चॅटपण दिसतं’ म्हणाला तर? त्याचं ॲप प्ले स्टोअरबाहेरून टाकावं लागतं का आणि ते ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतं का, ते बघा. ती परवानगी अपंग व्यक्तींच्या सोयीसाठी बनवलेली आहे. ती घेतलेलं ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं. अशा ॲपला हेरगिरीचं ॲप म्हणतात, त्यावर एमडीएमचं लेबल लावलं म्हणून ते बदलत नाही. दारातूनच परत पाठवा.

एक पुस्ती मात्र जोडतो. फोनचं इंटरनेट कंपनीच्या व्हीपीएनमधून, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरून वळवून, जात असेल तर कुठल्या साइट उघडल्या याची नोंद होऊ शकते. हे माणसांना आधी लेखी सांगून टाकावं.

‘सगळी सारखीच, भाव बघा.’

अँड्रॉइड सांभाळायची एक जुनी पद्धत होती, ‘डिव्हाइस ॲडमिन’. गुगलने ती अँड्रॉइड ९ पासून मोडीत काढायला घेतली आणि अँड्रॉइड १० मध्ये तिचे पासवर्ड सक्तीसारखे अधिकारच काढून घेतले. मायक्रोसॉफ्टच्या इंट्यून या एमडीएमनेही गुगल सेवा असलेल्या फोनसाठी तिचा आधार ३१ डिसेंबर २०२४ ला संपवला. तरीही स्वस्तातली काही सॉफ्टवेअर अजून याच पद्धतीवर चालतात. ब्रोशरमध्ये जुन्या आणि नव्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरच्या वैशिष्ट्यांची यादी सारखीच लांब असते. फरक कळतो तो नव्या फोनवर पासवर्डची सक्ती लागू होत नाही तेव्हा. म्हणून ‘अँड्रॉइड एंटरप्राइजवर, म्हणजे गुगलच्या नव्या पद्धतीवर, चालतं का?’ हा पहिला प्रश्न.

दुसरं, आपल्याकडे विक्री प्रतिनिधींच्या हातात असतात शाओमी, विवो, ओप्पो, रियलमी. बॅटरी वाचवायच्या नादात हे फोन मागे चालणारी ॲप झोपवतात, आणि त्यात एमडीएमचं ॲपही झोपतं. कार्यालयातल्या चकचकीत सॅमसंगवर डेमो बघून सही करू नका. ट्रायल घ्या आणि ती फिरतीवरच्या माणसाच्या फोनवर आठवडाभर चालवा.

पर्यायांचा दुष्काळ नाही. पुण्यात तयार होणारं स्केलफ्यूजन आहे, बंगळुरूचं शुअरएमडीएम आहे, झोहोचं मॅनेजइंजिन आहे. आणि विकत घेण्याआधी चालू बिलं काढून बघा: मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियमच्या वर्गणीत इंट्यून आधीच आहे, गुगल वर्कस्पेसमध्येही प्राथमिक मोबाइल व्यवस्थापन येतं. दर महिन्याला पैसे भरून तेच पुन्हा दुसरीकडून घेणारे लोक मी पाहिलेत.

भावात न दिसणारा खर्च म्हणजे नोंदणीचा. अँड्रॉइड फोन पूर्ण ताब्यात घ्यायचा तर तो रीसेट करावा लागतो. मग स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टॅप करायचं, क्यूआर वाचणारा कॅमेरा उघडतो, कोड दाखवायचा. एका फोनला हे सोपं वाटतं. नांदेड-लातूरकडे विखुरलेल्या माणसांचे वापरात असलेले फोन असे रीसेट करायचे म्हटलं की प्रत्येकाचे कॉन्टॅक्ट, फोटो, बँकेची ॲप, यूपीआयची नोंदणी सगळं नव्याने. नवे फोन घेणार असाल तर ‘झीरो टच’ देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्या. फोन खोक्यातून काढून इंटरनेटला जोडला की स्वतःच कंपनीच्या यंत्रणेत येतो.

‘हरवला तर बसल्या जागी पुसा.’

पुसायचा हुकूम इंटरनेटवरून जातो. चोराने सिम काढून फोन बंद केला की तो हुकूम सर्व्हरवर वाट बघत बसतो. त्या वेळात डेटा वाचवतं ते एन्क्रिप्शन आणि पडद्याचं कुलूप, म्हणून एमडीएमचं पहिलं काम १२३४ सारखा पिन नाकारणं हे आहे. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक करण्याची सोयही लोक यात मिसळतात. पोलीस तक्रार जोडून ती विनंती जरूर करा, पण त्याने हँडसेट मोबाइल नेटवर्कवर चालेनासा होतो, आतली फाइल पुसली जात नाही.

‘आयफोनला काही लागत नाही.’

असं म्हणणाऱ्याने कंपनीचा आयफोन परत घेऊन बघावा. माणूस राजीनामा देऊन गेला, फोन टेबलावर आला, आणि चालू केला तर त्याच्या खासगी ॲपल अकाउंटचा पासवर्ड मागतोय. ॲक्टिव्हेशन लॉक. फोन ॲपल बिझनेस मॅनेजर या ॲपलच्या कंपन्यांसाठीच्या पोर्टलमधून एमडीएमला जोडून ‘सुपरवाइज्ड’, म्हणजे कंपनीच्या देखरेखीखालचा, केलेला असेल तर कंपनीला हे कुलूप उघडता येतं. नसेल तर गेलेल्या माणसाची मनधरणी करा, नाहीतर खरेदीची पावती घेऊन ॲपलच्या मागे लागा.

‘लहान कंपनीला कायदा लागत नाही.’

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंड आहे, आणि तिथं ‘अमुक माणसांपेक्षा कमी असतील तर माफ’ असं कलम नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. ग्राहकांची यादी असलेला फोन रिक्षात राहिला, तर त्यावर काय होतं हे ६ तासांत कोण सांगणार, याचं उत्तर तयार हवं.

‘बसवलं की विसरून जा.’

हा मुद्दा सगळ्यात महागात पडणारा. ॲपलच्या उपकरणांना हुकूम पाठवायला ॲपलकडून मिळणारं एक डिजिटल ‘पुश प्रमाणपत्र’ लागतं आणि त्याची मुदत एक वर्ष असते. ज्या ॲपल अकाउंटवरून काढलं त्यावरूनच नूतनीकरण करावं लागतं. एका ठिकाणी ते नोकरी सोडून गेलेल्या आयटीवाल्याच्या खासगी अकाउंटवर होतं. दुसऱ्या अकाउंटवरून नवं काढलं की प्रत्येक आयफोन आणि आयपॅड पुन्हा नोंदवायचा, आणि तेच करावं लागलं. हे खातं कंपनीच्या ईमेलवर आणि तारीख अकाउंटंटच्या कॅलेंडरवर असायला हवी. जीएसटीची तारीख तो विसरत नाही, हीही विसरणार नाही.

शिवाय एमडीएम स्वतःच हल्ल्याचं लक्ष्य असतं. जुलै २०२३ मध्ये इव्हान्टी या सॉफ्टवेअर कंपनीच्या एमडीएममधल्या त्रुटीतून नॉर्वेच्या १२ मंत्रालयांच्या यंत्रणेत शिरकाव झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘मोबाइल गार्डियन’ या एमडीएम कंपनीच्या यंत्रणेत कुणीतरी घुसलं आणि सिंगापूरमधल्या २६ माध्यमिक शाळांतल्या सुमारे १३,००० विद्यार्थ्यांची उपकरणं दुरून पुसली गेली. फॉरवर्डमध्ये ज्याचं कौतुक आहे तेच ‘बसल्या जागी पुसा’चं बटण, दुसऱ्याच्या हातात. तेव्हा डेमोत विक्रेत्याला त्याच पडद्यावर थांबवा आणि विचारा: ॲडमिन लॉगिनला दुसरी पडताळणी सक्तीची करता येते का, एका माणसाने किती फोन पुसावेत याला मर्यादा घालता येते का, दुसऱ्याची मंजुरी लावता येते का, आणि कोणी काय पुसलं याची नोंद किती महिने राहते.