नाव गाळताना हात कसा थरथरत नाही?

काल रात्री साडेअकराला आमच्या हृदयरोग डिपार्टमेंटच्या ग्रुपवर, मैदानावर पळणाऱ्यांच्या ईसीजी तपासणीचा पेपर छापून आल्याची लिंक पडली. पाठोपाठ टाळ्या, पुष्पगुच्छ, ‘अभिनंदन सर’ची रांग. मी लिंक उघडून लेखकांची नावं वाचली. सहा. परत वाचली. आमच्याकडे शिकणाऱ्या ज्या डॉक्टर मुलीने हे काम उभं केलं तिचं नाव त्यांत नाही. खाली आभाराच्या बारीक अक्षरांत आहे, तेही आडनाव चुकवून. आणि माझं नाव पाचवं! मी काय केलं होतं? दोन संध्याकाळी बसून आकडेमोड. डोक्यात तिडीक गेलीय आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नाही.

ती काम कसं करायची ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून बोलतोय. दोन हिवाळे. रात्रीची ड्यूटी संपवून, स्कूटीवर पायांपाशी ईसीजीचं मशीन ठेवून पहाटे साडेचारला मैदानावर हजर. पळणारे यायच्या आधी पोचायचं, कारण एकदा घाम आला की छातीवरचे रबरी फुगे टिकत नाहीत, सटकतात. पंच्याने पुसायचं, जेल लावायचं, परत बसवायचं. बायकांसाठी तिने घरून दोन चादरी आणि कपडे वाळत घालायची दोरी आणली होती. दोन झाडांमध्ये आडोसा करायची. समजूत घालणं ते आणखी वेगळंच. ‘मॅडम, मी रोज दहा किलोमीटर पळतो, मला काय होणार?’ प्रत्येकाला ती तितक्याच शांतपणे सांगायची, की पळण्याने हृदय बळकट होतं हे खरंच, पण एखाद्याच्या हृदयाचा स्नायूच जन्माने जाड होणारा असेल तर त्याच पळण्यात जीव जाऊ शकतो. एचओडी सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, दोन हिवाळ्यांत एकदा आले. उजाडल्यावर, फोटो काढायला.

त्या मैदानावरच तो मुलगा सापडला. एकोणीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा, रोज १६०० मीटरची वेळ लावून पळणारा. ईसीजीच्या आलेखात डाव्या बाजूच्या टी लहरी खोल उलट्या, म्हणजे धोक्याची खूण. हिने विचारलं, घरात कुणी अचानक गेलंय का? तर म्हणे काका, चौतिसाव्या वर्षी, शेतात. तो टू-डी इकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला, यायला तयार नव्हता, हिने तीनदा फोन केले, शेवटी स्वतः घेऊन आली. हृदयाच्या दोन कप्प्यांमधला पडदा २१ मिलिमीटर जाड निघाला. एरवी तो १२ च्या आत असतो. भरती गेली म्हणून तो मुलगा ओपीडीच्या बाकावर ढसाढसा रडला, आणि ही त्याच्या आईशेजारी तासभर बसून होती. तो आज जिवंत आहे, औषधं घेतोय, तालुक्याला दुकानात कामाला लागलाय. पेपरमध्ये तो तक्त्यातली एक ओळ आहे. ती ओळ हिची आहे, बाकी कुणाच्या बापाची नाही.

जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीत ५ किलोमीटर पळताना उमेदवार कोसळून गेले, तेव्हा सगळीकडे चर्चा झाली. माणूस मेला की चर्चा होते. वाचला की कुणाला पत्ताही लागत नाही, आणि आमच्या या शाखेचं, म्हणजे हृदयविकार आधीच रोखण्याच्या कामाचं, सगळं दुखणं तिथेच आहे. कॅथलॅबमध्ये बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली की नातेवाईक पाया पडतात. पडावंच, ते काम तेवढं मोठं आहे. पण ज्याला अटॅक आलाच नाही, जो मैदानावर पडलाच नाही, तो कुणाच्या पाया पडणार? प्रतिबंधाचं यश फक्त कागदावर दिसतं, वर्षानुवर्षं मांडलेल्या आकड्यांत. इटलीत स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूची तपासणी १९८२ पासून कायद्याने सक्तीची झाली. तिथल्या व्हेनेतो भागात तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू वर्षाला लाखात ३.६ होते, ते २००४ पर्यंत ०.४ वर आले. हे जगाला २००६ मध्ये कळलं, कारण तिथे कुणीतरी पंचवीस वर्षं एकेक नोंद ठेवली. या शाखेत नोंद ठेवणारा माणूस हाच सर्जन असतो. त्याचंच नाव गाळलं, तर उरलं काय?

आणि नियम नाहीत असं कुणी सांगू नये. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने ते स्पष्ट लिहून ठेवलेत. नुसता निधी आणला, नुसती वरून देखरेख केली, एवढ्यावर कुणी लेखक होत नाही. उलट ज्याने डेटा गोळा करण्यात मोलाचा वाटा उचलला त्याला मसुदा लिहायची, तपासायची, मंजूर करायची संधी मिळालीच पाहिजे. हिला मसुदा दाखवलासुद्धा नाही! मग ‘तिने लेखनात भाग घेतला नाही’ म्हणून नाव आभारात. दार बाहेरून लावून घ्यायचं आणि वर म्हणायचं, आत आली नाहीस.

नावाला एवढं काय चिकटायचं, असंही एका सहकाऱ्याने आज मला ऐकवलं. ऐका मग. युरोपात प्रतिबंधक हृदयविज्ञानाच्या संघटनेत क्रीडा हृदयविज्ञानाचा वेगळा विभाग आहे, तरुण संशोधकांना पारितोषिकं आहेत, पुढच्या शिक्षणाच्या वाटा आहेत. तिथे अर्ज करायला कामावर तुमचं नाव लागतं. शिवाय अशा बऱ्याच पारितोषिकांना वयाची अट असते. आपल्याकडे एमबीबीएस, बॉण्ड, नीटच्या फेऱ्या, एमडी, मग डीएम ही हृदयरोगाची पदवी, हे सगळं उरकेपर्यंत तिशी उलटून जाते. पहिलं मोठं काम हातात येतं तेव्हा मुदत संपत आलेली असते, आणि त्याच कामावर दुसऱ्याचं नाव. खेळाडूंचा ईसीजी वाचायचे २०१७ चे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत कृष्णवर्णीय खेळाडूंच्या टी लहरींसाठी वेगळा नियम आहे. आपल्या लोकांबद्दलची माहिती तुटपुंजी आहे, कारण आपल्या मैदानांवर चादरी बांधून उभं राहणारं माणूस सापडत नाही. सापडलं तर त्याला आपण असं वागवतो.

दुपारी एचओडी सरांना फोन केला. म्हणाले, “अरे, लहान आहे ती अजून. पुढे खूप पेपर होतील तिचे.” बारा जणांची टीम सांभाळणारा, साठीला आलेला माणूस! माझे हात थरथरत होते, त्यांचा आवाजसुद्धा हलला नाही.

मग तिला फोन केला. ती म्हणाली, “सर, नका ना काही करू. परीक्षा आहे माझी. इंटर्नल एक्झामिनर तेच आहेत.” आणि मग हळूच, “त्या मुलाचा पुढचा इको या महिन्यात आहे, तेवढं बघाल का? मला सुट्टी नाही मिळत.”

म्हणून इथे मी कुणाचंच नाव घेत नाहीये, किंमत तिला मोजावी लागेल. पण संपादकांना पाठवायचा मेल लिहून तयार आहे. तिचं नाव पहिलं घाला, माझं काढा, आडनाव नीट लिहा. सगळ्या लेखकांची संमती आणा म्हणतील. एकेकाकडे जाऊन मागेन. तिचा निकाल लागला त्या संध्याकाळी मेल जाणार.